अंदमानात गर्दी नक्की कुठे असते, आणि मुक्काम कुठे करावा

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या इंदिरानगरची दोन कुटुंबं, एकूण नऊ माणसं, दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला निघाली आहेत. सासू-सासरे सत्तरीपुढचे. सासरे मूळ भगूरचे, म्हणजे सावरकरांच्या जन्मगावचे, त्यामुळे सेल्युलर जेल बघायचंच ही त्यांची अट. मुलं आठ आणि बारा वर्षांची. एक नातेवाईक म्हणतात तिथे आता पाय ठेवायला जागा नाही, दुसरे म्हणतात सगळे थायलंड-व्हिएतनामला पळतात, अंदमान रिकामं पडलंय. हातात आलेला प्लॅन पोर्ट ब्लेअर तीन रात्री, हॅवलॉक दोन, आणि नील बेट जाता-येता दोन तासांत. समुद्रकाठचं रिसॉर्ट घ्यावं की होमस्टे?

ताई, तुमचे दोन्ही नातेवाईक आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त दोघं वेगवेगळ्या तारखांना जाऊन आलेले असणार. नाशिकमध्ये बसून अंदमानच्या सहली काढण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी नावांचं सांगून टाकतो. हॅवलॉकचं नाव 2018 च्या अखेरीपासून स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप, आणि पोर्ट ब्लेअर 2024 पासून श्री विजयपुरम झालंय. बोलताना सगळे जुनीच नावं घेतात, मीही तीच वापरतो, पण तिकिटावर नवी दिसली तर गोंधळू नका.

आता आकडे. 2004 साली अंदमान-निकोबारला वर्षाकाठी साधारण लाखभर पर्यटक जात. त्या वर्षी 26 डिसेंबरला त्सुनामी आली आणि 2005 मध्ये आकडा तीसेक हजारांवर घसरला. मग चढ सुरू झाला. 2011 मध्ये 2 लाख ओलांडले, 2016 मध्ये 4 लाखांच्या घरात गेले, 2019 मध्ये 5 लाखांच्या वर. कोविडनंतर पुन्हा गाडी रुळावर आली. जुलै 2023 मध्ये वर्षाला 50 लाख प्रवासी सामावेल अशी नवी विमानतळ इमारत सुरू झाली, यावरून सरकारचा अंदाज कुठवर आहे ते कळतंच. 2011 ते 2019 या वर्षांत परदेशी पाहुणे मात्र पंधरा-सतरा हजारांच्या आसपासच फिरत राहिले. 2018 मध्ये त्यांच्यासाठीची खास परवान्याची अट बऱ्याच बेटांवर सैल केली, तरीही आकड्यात म्हणावी तशी उडी आली नाही. म्हणजे वाढलेले लोक जवळजवळ सगळे आपलेच: बंगाली, गुजराती, तमिळ, आणि अर्थात आपण मराठी मंडळी.

आपली माणसं एवढी कशी वाढली? स्वस्त विमानं हे एक कारण, पण नाशिकपुरतं बोलायचं तर एलटीसीला, म्हणजे सरकारी नोकरांच्या रजा-प्रवास सवलतीला, विसरून चालणार नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला गावी जायच्या एलटीसीऐवजी अंदमानला जाता येतं, आणि ज्यांना एरवी विमानाचा हक्क नाही त्यांनाही चेन्नई किंवा कोलकात्याहून पुढे विमानाने जायला मिळतं. पोस्टातले, आयकर खात्यातले, देवळाली कॅम्पच्या लष्करी आस्थापनांतले नागरी कर्मचारी असे गटागटाने येत आणि एकच विचारत, 'बिलं नीट मिळतील ना?' हॉटेल कुठलं हा प्रश्न शेवटी. ही मंडळी सगळ्या रात्री पोर्ट ब्लेअरमध्ये काढत, अबर्डीन बाजाराच्या आसपास एखाद्या साध्या हॉटेलात. हॅवलॉकला सकाळच्या बोटीने जायचं, राधानगर किनाऱ्यावर फोटो काढायचे, संध्याकाळी परत. तुम्हाला मिळालेला प्लॅन बघितलात तर त्यात त्या काळाची सावली अजून आहे. तीन रात्री पोर्ट ब्लेअरला काढायचं आता काही कारण उरलेलं नाही, तरी छापील प्लॅनमध्ये ते तसंच चालत आलंय. पोर्ट ब्लेअरच्या रूम स्वस्त पडतात आणि पॅकेजचा आकडा खाली दिसतो, एवढंच.

त्याच काळात हॅवलॉकवर वेगळंच जग होतं. परदेशी डायव्हर येऊन आठवडेच्या आठवडे राहायचे. त्यांच्यासाठी विजयनगर आणि गोविंदनगरच्या किनाऱ्याला बांबूच्या झोपड्या होत्या: मच्छरदाणी, पंखा, सामायिक बाथरूम. आपलं कुटुंब दोन रात्रींसाठी येतं आणि त्याला एसी लागतो, गरम पाणी लागतं, सकाळचा नाश्ता भाड्यात धरलेला लागतो. मग झोपड्या गेल्या, सिमेंटचे कॉटेज आले. 2018 मध्ये राधानगरला ताज आलं आणि वरच्या टोकाचा भाव ठरला. नीति आयोगाच्या बेटविकास आराखड्यात नील, लाँग, स्मिथ अशा बेटांवरही रिसॉर्ट काढायचं आहे, तेव्हा हा प्रवास इथे संपणारा नाही.

होमस्टे हा प्रकार खरा वाढला तो इंटरनेटमुळे. ऑगस्ट 2020 पर्यंत तिथलं नेट उपग्रहावर चालायचं. कार्डाचं मशीन तासन्‌तास गप्प, ईमेलला उत्तर दोन दिवसांनी. अशा ठिकाणी चार खोल्यांचा मालक ऑनलाइन बुकिंग घेणार कसा? मग चेन्नईहून पोर्ट ब्लेअर आणि पुढची बेटं मिळून सुमारे 2,300 किलोमीटरची समुद्राखालची केबल आली, हॅवलॉकलाही तिची जोडणी मिळाली, आणि सुपारीच्या बागेत मागच्या अंगाला तीन खोल्या बांधलेला माणूस थेट तुमच्या मोबाइलवर दिसायला लागला. आमच्या धंद्याला त्याचा फटका बसला हे नाकारत नाही. तरुण जोडपी आता आम्हाला विचारतही नाहीत.

तीच जोडपी परदेशीही वळली आहेत. नोव्हेंबर 2023 पासून थायलंडने भारतीयांचा व्हिसा माफ केला, मलेशियाही त्याच सुमारास त्या रांगेत आला. नाशिकहून अंदमानला थेट विमान नाही. मुंबई गाठा, नाहीतर ओझरहून हैदराबाद-बेंगळुरूमार्गे जोडविमान शोधा. सणासुदीला हे तिकीट इतकं चढतं की लोक म्हणतात, 'एवढ्यात बँकॉक होतं की!' होतंही. म्हणून हंगामाबाहेर हॅवलॉकच्या चांगल्या रूमही घासाघीस करून मिळतात आणि तुमच्या दुसऱ्या नातेवाइकांना बेट रिकामं वाटलं. पण आजी-आजोबांसकट जाणारी कुटुंबं, एलटीसीवाले, आणि जेलसाठी जाणारे भगूर-नाशिककर बँकॉकला वळत नाहीत. सावरकर 1911 मध्ये ज्या जेलमध्ये नेले गेले ती जागा बघायला लोक जातातच. त्यामुळे दुर्गापूजा, दिवाळी आणि 20 डिसेंबर ते 5 जानेवारी या तारखांना पहिल्या नातेवाइकांचं म्हणणं खरं ठरतं.

पण त्या तारखांनाही गर्दी सगळीकडे सारखी नसते, आणि माझ्या सगळ्या सल्ल्याचं मूळ इथे आहे. पाच लाख माणसं एकाच साच्यातून जातात: विमानाने पोर्ट ब्लेअर, सकाळच्या बोटीने हॅवलॉक, तिथून नील, नीलहून संध्याकाळी परत. खासगी फेरीला हॅवलॉकपर्यंत साधारण दीड तास लागतो, सरकारी बोटीला अडीच. बोटी ठरावीक वेळी सुटतात, मग शेकडो माणसं एकाच तासात जेट्टीवर उतरतात, एकाच दुपारी एलिफंट बीचला स्नॉर्कलिंगला जातात आणि एकाच संध्याकाळी राधानगरला उभी असतात. श्रावणी सोमवारी त्र्यंबकला मुंगीला शिरायला वाव नसतो आणि मंगळवारी सकाळी कुशावर्तावर निवांत बसता येतं, तसंच आहे हे. तुमची रात्र कुठे पडते यावर तुम्हाला सोमवार मिळणार की मंगळवार हे ठरतं. नीलला लोक दुपारी दोन-तीन तास येतात, भरतपूर किनाऱ्यावर काचेच्या तळाच्या होडीत बसतात आणि संध्याकाळच्या फेरीने जातात. त्या फेरीनंतर आणि दुसऱ्या सकाळची पहिली फेरी यायच्या आत नील जवळजवळ गावकऱ्यांचंच असतं. 2011 च्या जनगणनेत तिथली वस्ती तीनेक हजार होती. भाजीपाला पिकवणारं बेट आहे, पोर्ट ब्लेअरच्या बाजारात नीलची भाजी जाते.

म्हणून तुमच्यासाठी मी असं मांडेन: पोर्ट ब्लेअर एक, हॅवलॉक दोन, नील दोन, परत पोर्ट ब्लेअर एक. पाचच्या सहा रात्री होतात, एकच वाढते, म्हणजे बजेट फार हलत नाही.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत उतरलात तर हॉटेलात सामान टाकून थेट जेल. एक लक्षात घ्या: अंदमान आपल्या पूर्वेला इतकं लांब आहे आणि घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे नोव्हेंबरात पाच वाजता सूर्य बुडतो आणि साडेपाचला काळोख. नाशिकच्या सवयीने दुपारी झोप काढून चारला निघालात तर हाती काही लागत नाही. जेल उजेडात बघा, संध्याकाळी तिथेच प्रकाश-ध्वनी कार्यक्रम, त्याची तिकिटं आधीच काढा. मूळच्या सात इमारतींपैकी तीनच आता उभ्या आहेत, पण जिने आहेत आणि उंच आहेत. सासऱ्यांना घाई न करता वर नेता येईल एवढा वेळ हाताशी ठेवा.

शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला ठेवणं हा मात्र हट्ट समजा. अंदमानला दोन्ही पावसाळे लागतात. दिवाळीच्या सुमारास ईशान्य मोसमी पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होत असतात. समुद्र खवळला की फेऱ्या बंद. डिसेंबर 2016 मध्ये हॅवलॉक आणि नीलवर हजाराच्या वर पर्यटक अडकले होते, नौदलाला जहाजं पाठवावी लागली. परतीचं विमान ज्या दिवशी आहे त्याच दिवशी नीलहून निघायचा प्लॅन कुणी दिला तर तो कागद परत करा.

पोर्ट ब्लेअरची तिसरी रात्र बहुतेक वेळा बाराटांगसाठी घातलेली असते. चुनखडीच्या गुहा बघायला पहाटे तीन-साडेतीनला निघायचं, जिरकाटांगच्या फाटकावर गाड्यांच्या रांगेत थांबायचं, मग पोलिसांसोबतच्या ताफ्यातून जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जायचं. पुढे बोट, मग चाल. सत्तरीपुढच्या माणसांना ही दगदग आहे, आणि माझं मत विचाराल तर बहुतेक गाड्यांतली माणसं गुहांसाठी जात नाहीत, खिडकीतून जारवा दिसतोय का ते बघायला जातात. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच हा रस्ता बंद करायला सांगितलं होतं. मी स्वतः ही सहल विकत नाही. विकणारे भरपूर आहेत.

आता रूम. पोर्ट ब्लेअरला स्वच्छ, लिफ्ट असलेलं साधं हॉटेल बस्स. तिथे समुद्रदर्शनाचे जास्तीचे पैसे देऊ नका, तुम्ही खोलीत असाल तेव्हा बाहेर अंधारच असणार.

हॅवलॉकला 'बीच रिसॉर्ट' या दोन शब्दांवर भुलू नका. बहुतेक मध्यम भावाची रिसॉर्ट बेटाच्या पूर्वेला, गोविंदनगर आणि विजयनगरला आहेत. तिथला समुद्र फोटोत हिरवा-निळा आणि अंगणापर्यंत आलेला दिसतो, कारण फोटो भरतीला काढलेला असतो. ओहोटीला तेच पाणी दूरवर मागे जातं आणि मागे उरतो खडक, मेलेलं प्रवाळ, डबकी. होड्या कलंडून चिखलात पडलेल्या असतात. मुलांना त्यात मजा येते, खेकडे आणि समुद्रकाकड्या शोधत ती तास-दीड तास रमतात, फक्त पायात रबरी बूट हवेत. पण अंघोळीचे कपडे घालून उभी राहिलेली मोठी माणसं रिसेप्शनला येऊन भांडतात. तुमची तर दिवाळी, म्हणजे अमावास्या. उधाणाचे दिवस, ओहोटी आणखी आत जाणार. बुकिंगआधी त्या तारखांचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, आणि मगच 'सी-फेसिंग'चे दोन हजार जास्त द्यायचे का ते ठरवा. याच अमावास्येचा फायदा नीलला आहे: लक्ष्मणपूरचा दगडी नैसर्गिक पूल ओहोटीलाच नीट जवळून बघता येतो.

पोहायचं असेल तर राधानगर. पश्चिमेला तोंड, खाली वाळू, सूर्यास्त समोर. पण तिथे राहायचं तर भाव ताजसारखे, आणि संध्याकाळनंतर बाहेर जेवायला फारसं काही नाही. जेट्टीपासून दहा-बारा किलोमीटर अंतर आहे. नऊ जणांसाठी मी विजयनगरला राहीन, गाडी करून दुपारी तीनलाच राधानगर गाठेन. साडेचारला बोटींवरची गर्दी येते तोवर तुमचं पोहून झालेलं असतं.

होमस्टे की रिसॉर्ट, तर हॅवलॉकला रिसॉर्ट आणि नीलला होमस्टे किंवा लहान लॉज. कारणं साधी आहेत. हॅवलॉकला तुम्ही दमून याल, सामान नऊ जणांचं, जेवण एका छताखाली मिळालेलं बरं. तिथे नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून भाव मागा, आमच्या भाषेत एमएपी. शाकाहारी जेवण सगळीकडे मिळतं, पण भाजी बेटावर महाग आहे, बरीचशी जहाजाने येते, त्यामुळे बाहेर ऐनवेळी नऊ ताटं मागवलीत तर बिल बघून चमकाल. सासूबाईंना भाकरी लागत असेल तर पीठ सोबत न्या, पण चूल कोण देईल याचा भरवसा नको. नीलला मात्र अंतरं इतकी छोटी आहेत की घरगुती जागेत राहणं सुखाचं होतं. मालक बहुतेक बंगाली, पूर्व पाकिस्तानातून येऊन वसवलेल्या कुटुंबांतले. मासे खाणार असाल तर सकाळीच सांगून ठेवा, दुपारी ताजी सुरमई ताटात येते.

होमस्टे घेताना फोनवर चार गोष्टी विचारा: वीज गेल्यावर जनरेटरवर एसी चालतो की फक्त पंखा-दिवा, संडास कमोडचा आहे का, खोल्या तळमजल्यावर किती, आणि पाण्याची टाकी स्वतःची आहे का. चौथ्याला लोक हसतात, पण पाऊस कमी झाला की छोट्या बेटांवर पाणी मोजून मिळतं. भाव सांगायचा तर साधा होमस्टे दीड-दोन हजारांपासून, मधलं रिसॉर्ट पाच ते नऊ हजार, राधानगरचं वरचं टोक वीस हजारांपुढे. दिवाळीच्या आठवड्यात यावर हंगामी वाढ लागते, ती छापील भावात दाखवलेली नसते, म्हणून तारीख सांगूनच भाव घ्या.

चेकआउटची वेळ वाचा. बेटांवर अनेक ठिकाणी सकाळी आठ-नऊलाच खोली रिकामी करायला लावतात, कारण पुढचे पाहुणे सकाळच्या बोटीने येऊन दारात उभे असतात. तुमची नीलची फेरी दुपारची असेल तर मधले चार तास दोन म्हाताऱ्या माणसांना घेऊन लॉबीत बसावं लागेल. एक खोली अर्ध्या दिवसासाठी जास्त घ्या, किंवा सकाळचीच फेरी धरा. मी सकाळची धरेन.

औषधांचं सांगतो. दोन्ही बेटांवर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण काही गंभीर झालं तर पोर्ट ब्लेअरच्या जी. बी. पंत रुग्णालयातच जावं लागतं. बीपी-शुगरच्या गोळ्या दहा दिवसांच्या, दोन वेगळ्या बॅगांत. बोट लागण्याची गोळी निघण्याच्या अर्धा तास आधी, बोटीत बसल्यावर उपयोग नाही.

बुकिंगचा क्रम बहुतेक जण उलटा करतात: आधी रूम, मग फेरी. दिवाळीत खासगी फेरीच्या एकाच वेळेच्या नऊ जागा मिळणं हेच अवघड असतं, रूम दोनशे मीटर इकडेतिकडे मिळून जाते. विमानाची तारीख पक्की झाली की त्याच दिवशी तिन्ही टप्प्यांच्या फेऱ्या काढा: पोर्ट ब्लेअर-हॅवलॉक, हॅवलॉक-नील, नील-पोर्ट ब्लेअर. नावं आधारकार्डावर आहेत तशीच टाका, मुलांची आधारकार्डंही बरोबर घ्या. आणि रूम पक्की करताना सासू-सासऱ्यांची खोली तळमजल्यावर, जेवणाच्या हॉलजवळ, असं व्हाउचरवर लिहून मागा. तोंडी 'हो' म्हणणारा माणूस तुम्ही पोचाल त्या दिवशी रजेवर असतो.